परड्यातून गच्चीवर : कोल्हापूरच्या घरच्या भाजीची गोष्ट

आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. जागा कशी घेतली, पाया कधी खणला, पहिली सभा कुठे भरली, बोअरला पाणी कसे लागले, हे सगळे त्यात वाचायला मिळेल. संपादक मंडळाने माझ्याकडे गच्चीचा विषय दिला. गच्चीवर सगळ्यांनी मिळून भाजीपाला लावावा का, हा प्रश्न आपल्या वार्षिक सभेत आतापर्यंत तीनदा आला आणि तिन्ही वेळा 'पुढील सभेत विचार करू' या शेऱ्यावर थांबला. आता तर गच्ची मोबाइल टॉवरला भाड्याने द्यावी असाही प्रस्ताव आहे. म्हणजे पुढच्या सभेत काहीतरी एक ठरणारच.

त्याआधी सभासदांना एवढेच सांगावेसे वाटते, की हा प्रश्न काही आपल्याच गच्चीवर उगवलेला नाही. 'घरापुरतं घरी पिकवा' हे आपल्या लोकांना गेल्या ऐंशी वर्षांत चार-पाच वेळा सांगून झाले आहे. कधी सरकारने सांगितले, कधी पंतप्रधानांनी, कधी दुष्काळाने, कधी महापुराने. प्रत्येक वेळी लोकांनी मनावर घेतले आणि बहुतेक वेळा दोन-चार वर्षांत सोडूनही दिले. का सोडले, आणि एके ठिकाणी मात्र का टिकले, हे पाहिले तर आपल्यालाही ठरवणे सोपे जाईल.

परडं होतं तेव्हा

मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ इथली जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना परडं म्हणजे काय ते सांगायला नको. नव्या पिढीसाठी सांगतो. रस्त्याला लागून सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागच्या दाराशी न्हाणी आणि न्हाणीच्या पलीकडे परडं. पुण्याकडची मंडळी त्याला परस म्हणतात. न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळू आणि केळी. कडेला शेवगा. गोठ्याच्या छपरावर दोडक्याचा नाहीतर भोपळ्याचा वेल. भिंतीलगत घेवडा, मिरचीची चार रोपं, कढीपत्ता, गवती चहा, जागा असली तर हळदीचा एक वाफा.

यातली एकही गोष्ट सुटी नव्हती. दारात म्हैस होती म्हणून शेण होते. शेणाच्या शेणी लागत, उरलेले उकिरड्यात जाई आणि उकिरड्याचे खत पुन्हा परड्यात येई. चुलीची राख भांड्यांना लागे, तीच बियाण्यालाही. वेलावरचा एखादा दोडका मुद्दाम जून होऊ द्यायचा, त्याचे बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचे आणि मृग लागला की टोकायचे. विकत घ्यायचे असे त्यात काहीच नव्हते. गंगावेशीत दूध कट्ट्यावर अजूनही समोर धार काढून दूध मिळते, त्यावरून या शहराचे गोठ्याशी नाते किती जवळचे होते याची कल्पना यावी.

याला कोणी मोहीम म्हणत नव्हते. घरातल्या बायकाच सगळं बघायच्या. एका घरी अळू, दुसऱ्या घरी शेवगा, तिसऱ्या घरी लिंबू, त्यामुळे मागच्या दाराने देवघेव सतत चालू असे. या देवघेवीचा वर्षातला एक दिवस तर ठरलेलाच होता. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा नेम. म्हणजे नांगरलेल्या रानातले धान्य-भाजी चालत नाही, परड्यात हाताने लावलेले तेवढे चालते. ऋषीच्या भाजीला अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याची कणसं असे कितीतरी लागते. एकाच घराच्या परड्यात एवढे कुठून असणार? मग आदल्या दिवशी गल्लीभर फिरून ते गोळा व्हायचे. व्रतामागची श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी. पण ज्याच्या परड्यात काहीच नाही, त्याला ते वर्षातून एकदा तरी जाणवत असे, हा त्या नेमाचा व्यवहारातला उपयोग होता.

युद्धातली हाक

'पिकवा' अशी पहिली मोठी सरकारी हाक आली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम सुरू केली. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, आणि त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते, ते १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झाले. पण महागाई आणि तुटवडा काही संस्थानाची वेस बघून थांबत नाही. त्यातच १९४३ पासून शेजारच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. बहुतेक बायका आणि मुलंच. तिथेच आज गांधीनगर आहे. तुटवड्याच्या त्या दिवसांत आपल्या भागाने हे पाहुणेही सांभाळले.

तिकडे इंग्लंडमध्ये 'विजयासाठी खणा' असा पुकारा झाला होता. बागा, खेळाची मैदाने, एवढेच काय लंडनच्या टॉवरच्या खंदकातसुद्धा भाजीचे वाफे पडले. अमेरिकेत सुमारे दोन कोटी 'विजय बागा' झाल्या, त्यातली एक खुद्द व्हाइट हाउसच्या आवारात होती. लोक एकत्र जमत, एकमेकांची रोपे बघत, भाजी डब्यात भरून टिकवायला शिकत. युद्ध संपले, दुकाने भरली आणि यातल्या बहुतेक बागा एक-दोन वर्षांतच पुन्हा हिरवळीखाली गेल्या.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही मोहीम चालू राहिली. १९५१-५२ पर्यंत परदेशी धान्य आणणे बंद करायचे असा पंडित नेहरूंचा निर्धार होता. तो पुरा झाला नाही. मग या मोहिमेचे काय झाले हे तपासायला व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. त्याचा मथितार्थ आजही वाचण्यासारखा आहे. बियाणे, खत, विहीर असे तुकडे-तुकडे वाटून लोक मनाने सामील होत नाहीत. खेड्यातल्या जगण्याचे सगळे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, एकच धागा ओढून चालत नाही. मोहीम तात्पुरत्या निकडीची म्हणून चालवली, म्हणून ती तात्पुरतीच राहिली. या अहवालातून पुढे देशभर गट-विकासाची आणि कृषी विस्ताराची रचना उभी राहिली. आपल्या पंचायत समितीच्या कचेरीची मुळे अशी तिथवर जातात.

सोमवारचा उपास आणि मिलो

दुसरी हाक आपल्यातल्या ज्येष्ठांना स्वतःला आठवत असेल. १९६५ ला पाकिस्तानशी युद्ध, पाऊस अपुरा आणि देश अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून. लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' म्हटले, सोमवारी रात्री एक वेळचे जेवण सोडायला सांगितले आणि दिल्लीतल्या आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला. नेत्याने आधी स्वतः केले, म्हणून लोकांनी ऐकले. कितीतरी घरांत सोमवारची चूल खरोखर बंद राहायची. पण जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी ताश्कंदला गेले ते परत आलेच नाहीत, आणि हळूहळू तो सोमवारही गेला.

मग १९७२ चा दुष्काळ. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली ते आजही तोंड वाकडे करतात. राज्यात लाखो माणसे खडी फोडायला, बंडिंगच्या कामाला गेली. त्या मानाने आपला पंचगंगेचा काठ सुखी. राधानगरी धरणाचे काम राजर्षी शाहू महाराजांनी शतकाच्या सुरुवातीलाच हाती घेतले होते, त्याची फळे आपण खात होतो. पण पाणी आले तसा ऊस आला, आणि ऊस आला तसा बांधावरचा पावटा, चवळी, अंबाडी मागे हटत गेली. पुढे शहरातल्या परड्यांचेही तेच झाले. गोठा गेला, तिथे भाड्याची खोली आली. न्हाणीचे पाणी गटारीला जोडले. नव्वदीनंतर वाडे पाडून अपार्टमेंटी उठल्या आणि परडं पार्किंगखाली गेले. आपण सगळे अशाच कुठल्यातरी परड्यावर राहतो आहोत, हे विसरायला नको.

गारगोटीचे गणिताचे मास्तर

आता जे टिकले त्याच्याकडे येतो, आणि ते आपल्याच जिल्ह्यातले आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९५२ मध्ये भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले. तिथे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) गणित शिकवत. गणिताच्या माणसाने शेतीत का पडावे, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण त्यांच्या सगळ्या कामाचे मूळ गणितातच होते. झाड जे काही तयार करते ते पानात, उन्हाच्या जोरावर करते. मग किती चौरस फूट पान, किती तास ऊन आणि किती पाणी मिळाले की किती ग्रॅम माल तयार होतो, हे मोजता आले पाहिजे. रान किती एकर आहे हा त्यांच्या लेखी दुय्यम प्रश्न. उन्हात पान किती आहे, हा पहिला. या हिशेबावरून त्यांनी मांडले, की पाच माणसांच्या कुटुंबाला नीट वापरलेली दहा गुंठे, म्हणजे पाव एकर जमीन पुरते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. साठीच्या दशकात त्यांनी 'प्रयोग परिवार' सुरू केला. त्यात कोणी गुरू नाही, कोणी चेला नाही. ज्याने आपल्या रानात काही करून पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले, तो त्या गोष्टीतला जाणकार. त्याने दुसऱ्याला सांगायचे: भेटून, पत्र लिहून, त्याच्या बांधावर उभे राहून. महाराष्ट्रातले द्राक्ष बागायतदार हे याचे सगळ्यांत मोठे उदाहरण. दुष्काळी भागातले शेतकरी एकमेकांच्या बागेत जमायचे. छाटणी कधी घेतली, एका घडाला किती पाने ठेवली, पाणी किती दिले, यावर तिथेच मांडवाखाली चर्चा व्हायची. सातवी-आठवी शिकलेला माणूस वेलीच्या पानांचा हिशेब पदवीधराला समजावून सांगू लागला. द्राक्षासारखे नाजूक पीक माळरानावर उभे राहिले त्यात या बैठकांचा मोठा वाटा आहे.

दाभोलकरांना पुढे जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचे मराठी पुस्तक आणि १९९८ मध्ये आलेले 'प्लेंटी फॉर ऑल' हे इंग्रजी पुस्तक वाचनालयात मिळाले तर जरूर चाळावे. त्यांचे विचार मुंबईत पोचले ते थेट गच्चीवर. अर्थतज्ज्ञ डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याला घराच्या गच्चीवर पिंपात आणि पिशव्यांत भाजी, फळे घेतली. मातीऐवजी रसवंतीवाल्याची उसाची चिपाडं आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच कर्मचाऱ्यांना घेऊन बाग उभी केली. रोजचा ओला कचरा तिथल्या तिथे जिरू लागला. पुढे त्यांच्यासोबत शहरातले नोकरदार सुट्टीच्या दिवशी जमून गच्च्यांवर काम करू लागले. दाभोलकरांचे सहकारी दीपक सचदे यांनी 'अमृत माती'ची रीत बसवली. शेण, गोमूत्र आणि थोडा काळा गूळ पाण्यात तीन दिवस ठेवायचा, ते पाणी दहापट पातळ करून त्यात वाळलेला पाला भिजवायचा, त्याचे थर द्यायचे आणि त्यावर निरनिराळे बी टाकून उगवलेली रोपे २१, ४२ आणि ६३ दिवसांनी खुडून तिथेच मिसळायची. गुळाला, चिपाडाला आणि पाचटाला कोल्हापुरात कधी तोटा पडणार नाही, हे काय सांगायला पाहिजे?

आता फरक पाहा. बाकीच्या हाका वरून आल्या आणि संकट सरले की सरल्या. प्रयोग परिवारात वरून कोणी हाक दिलीच नव्हती. लोक एकत्र जमत होते, मोजत होते, लिहून ठेवत होते. संकट नसतानाही पुढच्या महिन्यात भेटायला काहीतरी कारण असायचे. माझ्या मते टिकण्याचे मर्म एवढेच आहे.

आपल्या डोळ्यांसमोरची हाक

अलीकडच्या हाका आपण सगळ्यांनी ऐकल्या. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, गाड्या दोन्ही बाजूंना अडकलेल्या, पेट्रोलला रांगा, दूध नाही, भाजी नाही. आपल्या इमारतीला पाणी लागले नाही, पण जवळपास आठवडाभर आपण बेटावर असल्यासारखे राहिलो. त्या दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुंडीतली मिरची, कढीपत्ता आणि मागच्या नळाजवळचे अळू सगळ्या मजल्यांवर फिरले. त्याने कोणाचे पोट भरले असे मी म्हणणार नाही. पोट रेशनच्या तांदळाने आणि घरच्या डाळीनेच भरले. पण ताटात हिरवे काहीतरी होते आणि ते शेजाऱ्याने दिले होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अर्ध्या बिऱ्हाडांनी मेथी-कोथिंबीर लावली. २०२१ ला पुन्हा तसाच पूर आला. २०२२ ला पुन्हा सगळ्या कुंड्या रिकाम्या. १९४६ ला अमेरिकेत झाले तेच आपल्या गच्चीवरही झाले.

आज सरकारही शाळा-अंगणवाड्यांतून परसबागा लावून घेते. नगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घराजवळच्या वाफ्यांतून गावरान बियाणे जपले, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या शहरात 'निसर्गमित्र'सारख्या संस्था रानभाज्यांची प्रदर्शने भरवतात, तिथे बायकांची गर्दी बघण्यासारखी असते. म्हणजे शिकवायला माणसे आहेत, बी आहे, उत्साहही आहे. नाही ती फक्त दर महिन्याला भेटायची सवय.

आपली गच्ची

आता मुद्द्याचे. आपली गच्ची साधारण ३,२०० चौरस फूट आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे गच्ची तीन गुंठ्यांना थोडी कमीच. पाण्याच्या टाक्या, सोलर हीटर, जिना आणि वाळवणाची जागा सोडली तर हाताशी दीड गुंठा उरतो. दाभोलकरांचे दहा गुंठे पाच माणसांना, आणि आपण चोवीस बिऱ्हाडे. हिशेब स्वच्छ आहे: गच्ची आपल्याला पोसणार नाही. कोणी तसे सांगत असेल तर ऐकू नका.

सभेतले आक्षेपही खोटे नाहीत. पहिला स्लॅबचा. वर्दळीची गच्ची सर्वसाधारणपणे चौरस मीटरला १५० किलो जादा भार धरून बांधतात, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४ किलो. एक फूट खोल ओल्या मातीचे वजन चौरस फुटाला ४५ ते ५० किलो होते. म्हणून मातीचे वाफे गच्चीवर नकोतच. पालापाचोळा आणि कंपोस्टचा सहा इंचांचा थर याच्या पाव हिश्श्याच्या आसपास बसतो, आणि तोही सगळीकडे न पसरता तुळया आणि खांबांच्या रेषेतच ठेवायचा. त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र आणि वॉटरप्रूफिंग झालेच पाहिजे. दुसरा आक्षेप पाण्याचा. कपडे खंगाळलेले शेवटचे पाणी आणि पावसाळ्यात भरलेली पिंपे वापरली तर बोअरवर ताण येणार नाही. पिंपांना मात्र घट्ट झाकण हवे, नाहीतर डास. तिसरा आक्षेप उत्पन्नाचा. टॉवरच्या भाड्याने देखभाल खर्चाला हातभार लागेल हे खरे आहे, आणि दीड गुंठ्यातली भाजी त्या रकमेची बरोबरी करणार नाही हेही खरे आहे.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच सगळ्यांच्या मनात आहे: लावायचे कोणी आणि तोडून न्यायचे कोणी? यावर उपाय प्रयोग परिवाराचाच. एक वही. कोणी काय लावले, कधी लावले, पाणी कोणी घातले, किती किलो निघाले आणि कोणाच्या घरी गेले, हे सगळे त्या वहीत लिहायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी गच्चीवर अर्धा तास जमायचे आणि ती वही मोठ्याने वाचायची. ज्याची मेथी चांगली आली त्याने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, मग तो सातवीतला मुलगा का असेना. रोजचा ओला कचरा गच्चीवरच्या पिंपात जाईल, घंटागाडीत सुकाच जाईल. एवढे वर्षभर जमले नाही, तर गच्ची खुशाल टॉवरला द्यावी. माझी हरकत नसेल.

रौप्यमहोत्सवी वर्षात आपण फलक लावू, सत्कार करू, जेवण घालू. त्यासोबत एक गोष्ट करावी असे सुचवतो. दरवर्षी सोसायटीच्या गणपतीचा महाप्रसाद आपण केटररकडून मागवतो, तो तसाच राहू दे. पण दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला एका मोठ्या पातेल्यात ऋषीची भाजी करू, आणि तिच्यात जाईल ते फक्त आपल्या गच्चीवरचे. जे गच्चीवर नसेल ते बाजारातून आणायचे नाही. पहिल्या वर्षी कदाचित नुसते अळू आणि माठच असेल. वहीत तेवढेच लिहू. मृगाच्या आधी बी गोळा करायचे आहे. ज्यांच्या घरी, माहेरी, गावाकडे गावरान दोडका, पडवळ, घेवडा, लाल माठ असेल, त्यांनी पुडीवर नाव लिहून सचिवांकडे द्यावे.